‘हाड’ म्हणण्याआधी जरा ऐकूया

जेवणं उरकली असतील, झाकपाक झाली असेल. आता घटकाभर टेकून ऐका. आज आपण कुत्र्याच्या आवाजाबद्दल बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? कुत्रं म्हटलं की ते भुंकणारच. पण हाच आवाज आपल्याकडे किती भांडणं लावतो ते आठवून बघा. रात्री वस्तीवर कुत्री भुंकायला लागली की झोपमोड होते. दाराशी कुत्रं हेल काढून रडलं की सासूबाई देवाचं नाव घेतात आणि घरातल्या आजारी माणसाकडे बघतात. कुणी दगड मारतं, कुणी तोंड बांधून ठेवतं, तर कुणी वैतागून भाकरीत विष घालतं. आवाज बंद झाला म्हणजे प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटतं. पण मैत्रिणींनो, ‘गप्प बस’ म्हटल्यानं प्रश्न मिटत नसतो, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? कुत्र्याचा आवाज म्हणजे त्याचं बोलणं. ते काय सांगतंय हे कळायला लागलं, तर त्याचा जीव वाचेल आणि कदाचित आपल्या घरातल्या माणसाचाही वाचेल.

भुंकणं आलं कुठून?

कुत्रं हे लांडग्याच्या कुळातलं. माणसाबरोबर राहायला लागून त्याला निदान १४,००० वर्षं झाली आहेत. म्हणजे गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या यांच्याही आधीपासून ते आपल्या उकिरड्याच्या आणि चुलीच्या आसऱ्याला आहे. आता गंमत बघा. मोठा लांडगा फारसा भुंकत नाही. तो लांब हेल काढतो, गुरगुरतो, आणि अगदीच धोका असेल तेव्हा थोडंसं भुंकतो. कुत्रं मात्र येता-जाता भुंकतं. माणसाच्या संगतीत राहून त्याचं भुंकणं वाढलं, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं. माणूस वासावरून किंवा कानाच्या हालचालीवरून काही ओळखत नाही, पण आवाज दिला की वळून बघतो.

हंगेरी देशातल्या बुडापेस्ट शहरात शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. २००५ साली तो छापून आला. त्यांनी कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या वेळी टेप केलं. अनोळखी माणूस दाराशी आला तेव्हाचं, एकटं बांधून ठेवलं तेव्हाचं, खेळतानाचं, फिरायला नेण्याआधीचं. मग ते नुसतं ऐकवून लोकांना विचारलं, हे कुत्रं आत्ता काय म्हणतंय? ज्यांनी घरी कधी कुत्रं पाळलं नव्हतं, त्यांनाही बऱ्यापैकी ओळखता आलं. म्हणजे ही भाषा आपल्या कानाला थोडीफार येतेच. फक्त आपण लक्ष देत नाही.

कोणता आवाज काय सांगतो?

आपल्या मराठीत बघा, कुत्र्याच्या आवाजाला किती शब्द आहेत. भुंकणं, गुरगुरणं, केकाटणं, विव्हळणं, कुंईकुंई करणं, रडणं. आपल्या आज्या-पणज्यांनी हे आवाज नीट ऐकलेले होते, म्हणून तर इतके शब्द झाले. आता एकेक बघू.

जाड आवाजात, भराभर, मध्ये न थांबता भुंकणं म्हणजे ‘कुणीतरी आलंय, लांब राहा’. यात राग असतो आणि धोक्याची सूचनाही असते.

बारीक आवाजात, थांबून थांबून, लांबवत भुंकणं म्हणजे ‘मी एकटा आहे, कुणीतरी या’. दिवसभर बांधून ठेवलेलं कुत्रं असं भुंकतं. पुष्कळदा आपण म्हणतो, ‘उगाच भुंकतंय मेलं’. ते उगाच नसतं.

उंच, तुटक भुंकणं, पुढचे पाय जमिनीला टेकलेले, पाठीमागचा भाग वर आणि शेपटी हलती, म्हणजे खेळायचं बोलावणं. पोरांशी असं वागत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण लहान मूल असेल तर तिथं मोठ्या माणसानं हजर राहावंच.

एकाच जागेकडे बघून, पुढे-मागे होत भुंकणं. लाकडाच्या ढिगाकडे, गवताच्या गंजीकडे, न्हाणीच्या कोपऱ्याकडे बघून कुत्रं असं करत असेल, तर तिथं हात घालू नका. बॅटरी लावा, लांबून बघा. साप असू शकतो, विंचू-उंदीरही असू शकतो. सरपण काढायला पहाटे अंधारात जाणाऱ्या बायांनी ही खूण ध्यानात ठेवावी.

एकदम केकाटणं म्हणजे दुखणं. मार लागला, काटा रुतला, गाडीचा धक्का बसला. जखमी कुत्रं आपलं असलं तरी घाबरून चावू शकतं. म्हणून त्याच्या तोंडाजवळ एकदम हात नेऊ नका.

आणि ते रडतं तेव्हा?

आता सगळ्यात मोठी भीती. मान वर करून, ‘ऊऽऽ’ असा लांब हेल काढून कुत्रं रडतं, तेव्हा आपल्याकडे म्हणतात, त्याला यम दिसला, आता कुणीतरी जाणार.

हेल काढणं हा लांडग्याकडून आलेला आवाज आहे. कळपातले लांडगे एकमेकांपासून लांब गेले की अशी हाक देतात. ती काही किलोमीटरवर ऐकू जाते. ‘मी इथं आहे, तुम्ही कुठं आहात?’ एवढाच तिचा अर्थ. एकानं हाक दिली की बाकीचे ओ देतात. म्हणून एका वाडीतलं कुत्रं सुरू झालं की दुसऱ्या वाडीतली सुरू होतात. माळावर कोल्हेकुई झाली की त्यांचा सूर लागतो. साखर कारखान्याचा भोंगा, रुग्णवाहिकेचा सायरन, देवळातला शंख, हे आवाजही लांब हेलासारखेच. त्यांनाही ती ओ देतात. आपल्याला ऐकू येत नाहीत असे बारीक आवाजसुद्धा त्यांना ऐकू येतात. त्यामुळे आपल्याला वाटतं, काहीच नसताना कुत्रं रडायला लागलं.

बाकीही कारणं आहेत. पिल्लं उचलून नेलेली कुत्री रात्र-रात्र रडते. साखळीला एकटं बांधलेलं रडतं. दुखणारं, म्हातारं झालेलं रडतं. भादव्याच्या आसपास कुत्र्यांचा माजाचा हंगाम असतो, तेव्हा गावभर भांडणं आणि रात्रभर ओरडा चालतो, तो सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मग ‘कुत्रं रडलं आणि माणूस गेलं’ असं घडतं कसं? विचार करा. घरात कुणी अत्यवस्थ असलं की आपण रात्री जाग्या असतो. कान टवकारलेले असतात. एरवी ज्या आवाजात आपण गाढ झोपलेल्या असतो, तोच त्या रात्री ऐकू येतो. पुढे माणूस गेलं तर ती रात्र जन्मभर लक्षात राहते. कुत्रं रडलं आणि काहीच झालं नाही, अशा शेकडो रात्री आपण विसरून जातो. त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

आणि आपल्या देवांकडे बघा ना. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाबरोबर कुत्रं असतं. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतात, कोटंबा पुढे ठेवून भुंकतातसुद्धा. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण पोरांना सांगतो. मग त्याच कुत्र्याचा आवाज अशुभ कसा झाला?

ही नुसती समजुतीची गोष्ट असती तर मी एवढं बोलले नसते. पण या भीतीपायी माणसांचं नुकसान होतं. घरात ताप आलेली सून असते, धाप लागलेला म्हातारा असतो. कुत्रं रडलं म्हणून अंगारा-उतारा सुरू होतो आणि दवाखाना राहून जातो. मैत्रिणींनो, कुत्रं रडलं आणि घरात आजारी माणूस असेल, तर एकच काम करा. त्या माणसाला डॉक्टरकडे न्या.

दुसरं त्याहून वाईट. एखाद्या विधवेच्या, एकट्या म्हातारीच्या दारात कुत्री रडतात, म्हणून तिच्यावर करणी-चेटकाचा ठपका येतो. हे कुणी करत असेल तर ठामपणे सांगा की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. करणी केली असं म्हणून बाईला त्रास देणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या गटानं अशा बाईच्या पाठीशी उभं राहायला हवं.

गुरगुरणं मारून बंद करू नका

कुत्रं जेवताना कुणी जवळ गेलं, पिल्लांना हात लावला, झोपेत शेपटीवर पाय पडला, तर ते आधी गुरगुरतं. आपण काय करतो? ‘घरच्या माणसावर गुरगुरतोस?’ म्हणून फटका देतो. दोन-चार वेळा असा मार बसला की ते गुरगुरणं सोडून देतं. आपल्याला वाटतं, सुधारलं. पण त्याच्या मनातली भीती गेलेली नसते, फक्त इशारा गेलेला असतो. असं कुत्रं मग न गुरगुरता एकदम चावतं, आणि बहुतेक वेळा समोर असतं ते लहान पोर.

म्हणून गुरगुरलं की मागे व्हा, पोराला मागे घ्या, आणि कारण शोधा. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ असं म्हणतात, ते तंतोतंत खरं मानू नका. ते ‘लांब राहा’ म्हणतंय, आणि आपण लांब राहिलो तर बहुतेक वेळा चावत नाही. पोरांना एवढं शिकवा. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला छेडायचं नाही. अंगावर आलं तर पळायचं नाही, स्थिर उभं राहायचं, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत आणि हळूहळू बाजूला व्हायचं.

बिबट्याच्या भागात राहणाऱ्यांसाठी

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर, सिन्नर या भागात उसाच्या कडेला राहणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको. तिथं रात्रीचं भुंकणं ही पहिली वर्दी असते. पण बिबट्या वस्तीजवळ येतो तो पुष्कळदा त्या कुत्र्यासाठीच. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याचं खाणं काय ते पाहिलं. वजनाच्या हिशोबानं त्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला.

म्हणून राखणीसाठी कुत्रं रात्री अंगणात साखळीला बांधू नका. बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही, आणि त्याच्या ओढीनं बिबट्या दारापर्यंत येतो. बंदिस्त गोठ्यात, पडवीत किंवा घरात घ्या. आतूनही त्याला वास येतो, आवाज कळतो, आणि ते भुंकून सांगतं. ते जोरात भुंकायला लागलं, किंवा भुंकता-भुंकता एकदम गप्प होऊन दाराला चिकटलं, तर एकट्या बाहेर पडू नका. आतूनच दिवा लावा, ताट-पातेलं वाजवा, शेजाऱ्यांना फोन करा. लघवीला बाहेर जायचं असेल तर बॅटरी आणि सोबत घ्या. कुत्र्याला सोडवायला काठी घेऊन धावू नका. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

आवाज बदलला तर सावध

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओळखीच्या कुत्र्याचा आवाज एकाएकी घोगरा, चिरका झाला, खालचा जबडा लोंबायला लागला, लाळ गळायला लागली, पाणी गिळता येईना, ते विनाकारण चावत सुटलं किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलं, तर ते पिसाळलेलं असू शकतं. घशाचे स्नायू लुळे पडतात म्हणून आवाज बदलतो. घशात हाड अडकलं असेल असं समजून तोंडात हात घालू नका. पोरं आणि जनावरं लांब ठेवा, आणि जनावरांच्या दवाखान्याला कळवा.

कुत्रं चावलं किंवा नख लागून रक्त आलं, तर लगेच जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद, तेल काहीही लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. तिथं इंजेक्शन फुकट मिळतं. आता पोटात घ्यायची १४ इंजेक्शनं नसतात. दंडावर देतात, पहिल्या दिवशी, मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतही एक औषध टोचतात, तेही मागून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही हे घ्यायचंच असतं. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ वाचत नाही, पण वेळेत आणि पूर्ण इंजेक्शनं घेतली तर हा रोग टळतो.

फार भुंकत असेल तर काय करायचं?

भुंकू द्यायचं म्हणजे रात्रभर सगळ्या वस्तीची झोप घालवायची, असं नाही. लेकरांचा अभ्यास असतो, पहाटे कामाला उठायचं असतं. पण काठीनं भुंकणं थांबत नाही, भीतीनं वाढतं. त्यापेक्षा हे करून बघा.

एक, भुंकलं की आधी दारातून नजर टाका. मग शांत आवाजात म्हणा, ‘बास, बघितलं’. गप्प झालं की पाठीवरून हात फिरवा किंवा भाकरीचा तुकडा द्या. आपलं सांगणं पोचलं, हे त्याला कळतं. आपणही ‘हाड हाड’ ओरडायला लागलो तर त्याला वाटतं, घरधनीणही माझ्याबरोबर भुंकतेय!

दोन, दिवसातून दोनदा तरी साखळी सोडा, फिरू द्या. सतत बांधलेल्या कुत्र्याला हिंडायला न देणं, हे १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यात बसत नाही.

तीन, सावली, भांडंभर पाणी आणि संध्याकाळी वेळेवर भाकरी. उपाशी आणि तहानलेलं कुत्रं कसं गप्प बसेल? गोचीड-खरूज असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

चार, नसबंदी करून घ्या. त्यानं माजाच्या दिवसातला दंगा कमी होतो आणि पिल्लांची संख्याही वाढत नाही.

विषाचं मात्र कुणी नावही काढू नये. विषाची भाकरी मांजर खाते, कोंबडी खाते, रांगतं पोरही उचलू शकतं. आणि तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला विष घालून मारलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या गटानं काय करावं?

पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. आपल्या वाडीत पाळलेली किती कुत्री, मोकळी किती, आणि कितींना रेबीजची लस झाली आहे, याची यादी करा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस, आणि नंतर दरवर्षी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्याच्या आसपास गावात लसीकरणाचं शिबिर घ्यावं, असा अर्ज जनावरांच्या दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला द्या. मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची मागणी ग्रामसभेत लेखी मांडा. २०२३ च्या नियमांप्रमाणे ती जबाबदारी गावच्या कारभाराची आहे.

आणि आज रात्री कुत्रं भुंकलं, तर दगड शोधायच्या आधी क्षणभर थांबा. आवाज जाड आहे की बारीक? सलग आहे की थांबून थांबून? कुठं बघून भुंकतंय? घरातल्या पोरांनाही विचारा, त्यांना पटकन ओळखता येतं. तुमच्या वस्तीवर काय ऐकू आलं ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.

चला तर मग, दार नीट लावून घ्या, पोरांना पांघरूण घाला. नमस्कार.